उपग्रहचित्राखाली तारीख छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वास्को-चिखली भागात सध्या मोबाइलवर एक चित्र फिरतंय. आकाशातून दिसणारा दाबोळी विमानतळ. टर्मिनलसमोरचा एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, जवळपास मोकळा, कोपऱ्यात एकच विमान. वर लाल अक्षरांत मजकूर : ‘मोपाने दाबोळी गिळली, हा घ्या पुरावा.’ मोपा म्हणजे पेडण्यात झालेला गोव्याचा नवा विमानतळ. टॅक्सीवाल्यांनी ते पाहिलं, विमानतळाच्या रस्त्यावरच्या खानावळवाल्यांनी पाहिलं, आत कंत्राटावर राबणाऱ्या पोरांनी पाहिलं आणि ज्यानं त्यानं ते पुढे पाठवलं. दाबोळीचं पुढे काय होणार, ही काळजी खरी आहे. माझ्या घरातही ती आहे, कारण माझा पुतण्या तिथेच नोकरीला आहे. पण त्या चित्रातून जे सिद्ध झालं म्हणतात, ते त्यातून सिद्ध होत नाही. का होत नाही, हे तपशिलात सांगावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, तारखेचा भाग तेवढा ठेवा.

मी दाबोळीच्या रॅम्पवर, म्हणजे याच एप्रनवर, आयुष्य काढलं. सामानाच्या ट्रॉल्या, शिडी लावणं, चाकाखाली चोक म्हणजे अडवणीचा ठोकळा सरकवणं, पोटातलं सामान उतरवून दुसरं चढवणं. विमान मी कायम खालून पाहिलं. निवृत्तीनंतर पुतण्यानं संगणकावर गूगल अर्थ हा उपग्रहचित्रं दाखवणारा प्रोग्रॅम टाकून दिला आणि पहिल्यांदा माझा एप्रन मला वरून दिसला. त्यावरच्या पिवळ्या रेषा, विमान कुठे थांबवायचं त्या खुणा, ट्रॅक्टर वळवताना टायर घासून काळी पडलेली जागा. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी जगभरचे विमानतळ बघतो. कुठे कोणतं विमान उभं आहे ते ओळखायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. हा नाद मला लागला याचा मला आनंद आहे आणि तो अनेकांना लागावा अशी मनापासून इच्छा आहे.

आता ते फिरणारं चित्र. चित्रावर ना तारीख, ना वेळ. पण विमानाची सावली होती. सावली वायव्येला पडलेली आणि लांबी जवळपास शेपटीच्या उंचीएवढी. एअरबस ३२०च्या शेपटीचं टोक जमिनीपासून पावणेबारा मीटरवर असतं. सावली उंचीइतकीच पडली याचा अर्थ सूर्य साधारण ४५ अंशांवर होता. सावली वायव्येला म्हणजे सूर्य आग्नेयेला. गोव्यात असं होतं ते हिवाळ्यात, दुपार होण्याआधी. मे महिना उजाडला की हिशेब बदलतो. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य भरदुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला जाते. त्या काळातली स्वच्छ चित्रं मात्र हाती फारशी लागत नाहीत, कारण जून ते सप्टेंबर वरून बघितलं तर गोवा म्हणजे पांढरा ढग. धावपट्टीच्या कडेचं गवत पिवळं पडलेलं होतं, त्यावरूनही पावसाळा मागे पडून बरेच दिवस झाल्याचं कळत होतं. म्हणजे चित्र हिवाळ्यातलं आणि सकाळचं, एवढं चित्रानंच सांगितलं.

सकाळ का, याचंही उत्तर आहे. पृथ्वीची चित्रं काढणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांवरून उत्तर-दक्षिण फिरतात आणि त्यांची कक्षा अशी बसवलेली असते की कुठल्याही गावावरून ते तिथल्या सूर्याच्या वेळेनुसार ठरलेल्या घटकेलाच जावेत. अनेकांची ती वेळ साडेदहाच्या सुमाराची आहे. उजेड पुरेसा असतो, ढग अजून चढलेले नसतात आणि सावल्या वाचता येतील इतक्या लांब असतात. काही उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातात. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आणि गोवा आहे चौऱ्याहत्तरच्या जवळ, त्यामुळे सूर्याचे साडेदहा म्हणजे आपल्या मनगटावर अकरा वाजून गेलेले.

आणि दाबोळीला अकरा वाजता काय असायचं, हे माझ्यासारख्याला विचारा. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक ही वेळ नौदलाच्या सरावाची. माझ्या सगळ्या नोकरीत त्या वेळेत प्रवासी विमानांची ये-जा बंद असायची. साडेआठच्या आत सकाळचं शेवटचं विमान मागे ढकलायचं म्हणून आमची जी धावपळ उडायची ती अजून पायात आहे. एकदा ते गेलं की एप्रन रिकामा. मग आम्ही ट्रॉल्यांची चाकं बघायचो, तेलपाणी करायचो, डबे उघडायचो. एक वाजला की पुन्हा रांग लागायची आणि संध्याकाळी उभं राहायला बे म्हणजे जागा मिळत नाही म्हणून विमानं खोळंबायची. तेव्हा कामाच्या दिवशी अकरा वाजता दाबोळीचा फोटो काढला तर ज्या वर्षी विमानतळ माणसांनी ओसंडून वाहत होता त्या वर्षीही एप्रन मोकळाच दिसला असता.

मी पुढे जाऊन ते चित्र शोधलं. गूगल अर्थमध्ये जुन्या चित्रांची सोय आहे. २००९ साली ती आली. घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की वर एक पट्टी उघडते आणि मागे मागे सरकत जाता येतं. तेच एकटं विमान, तीच सावली, कडेला उभी तीच पिवळी गाडी मला सापडली. तारीख मोपा सुरू होण्याच्या आधीची निघाली, आणि वार कामाचा. मोपाचं उद्‌घाटन झालं ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि तिथून प्रवासी विमानं उडायला लागली ५ जानेवारी २०२३ पासून. जो विमानतळ अजून सुरूच झाला नव्हता त्यानं दाबोळीचा एप्रन रिकामा केला, असा तो ‘पुरावा’ होता.

आमच्या गटावर मी हे सगळं लिहिलं. एकानं विचारलं, ‘पण काका, चित्राच्या कोपऱ्यात तर चालू साल दिसतंय ना?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इथेच भले भले फसतात. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत जे साल असतं ते हक्काचं साल असतं, चित्राची मालकी कुणाची ते सांगणारं. चित्र कधी काढलं याच्याशी त्याचा संबंध नाही. मोबाइलवरच्या नकाशात चित्र काढल्याची तारीख बहुधा दिसतच नाही. संगणकावर गूगल अर्थ प्रो घेतलं, ते २०१५ पासून फुकट आहे, तर खालच्या पट्टीत ती तारीख दिसते. शिवाय जो अखंड नकाशा आपल्याला दिसतो तो वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या तुकड्यांची गोधडी असते. एप्रनचा अर्धा भाग एका वर्षातला आणि पलीकडचा रस्ता दुसऱ्या वर्षातला असू शकतो. शिवणीवर आलेलं विमान मधोमध कापलेलं दिसतं. एकच विमान एका तुकड्यात जमिनीवर आणि दुसऱ्या तुकड्यात उडताना दिसणं हेही अशक्य नाही.

विमान कोणतं हे ओळखायला डोळ्यांपेक्षा मोजपट्टी बरी. गूगल अर्थमध्ये ती आहे. आधी पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा, मग नाकापासून शेपटीपर्यंत. पंख ३४ ते ३६ मीटर भरले तर ते आपल्याकडचं नेहमीचं विमान, एअरबस ३२०च्या घराण्यातलं किंवा बोइंग ७३७. मग लांबी बघा. साडेसदतीस मीटर म्हणजे ३२०, साडेएकोणचाळीस म्हणजे ७३७-८००, आणि पंख तेवढेच असून लांबी साडेचव्वेचाळीस भरली तर ३२१. लांबी आणि पंख दोन्ही २७ मीटर, पंख सरळ आडवे, मागे न झुकलेले, तर ते पंख्यांचं एटीआर ७२. पंख ६० मीटर आणि लांबी ५७ मीटरच्या आत असली तर बोइंग ७८७-८. जुन्या वर्षांतल्या हिवाळी चित्रांत पंख ४७-४८ मीटरचं एखादं धूड दिसलं तर मला लगेच चार्टरचे, म्हणजे पर्यटकांसाठी खास भाड्यानं आणलेल्या विमानांचे, दिवस आठवतात. बोइंग ७६७ हे तसं विमान. ते आलं की आमच्या पाळीला दम खायला वेळ नसायचा, कारण परतीच्या पर्यटकांच्या बॅगा येतानाच्या दुप्पट फुगलेल्या.

माझी नात आठवीत आहे. तिनं माझ्या बाजूला बसून विचारलं, ‘आजोबा, रस्त्यावर ०८ असं का लिहिलंय?’ धावपट्टीवरचे आकडे म्हणजे दिशा. होकायंत्रावरचे अंश घ्यायचे आणि शेवटचं शून्य सोडायचं. दाबोळीची पट्टी ०८/२६. पश्चिमेच्या टोकाकडून येणाऱ्या वैमानिकाचं नाक ८० अंशांवर, म्हणजे पूर्वेपेक्षा किंचित उत्तरेला, म्हणून त्याला समोर ०८ दिसतं. उलट बाजूनं येणाऱ्याला २६. गोव्यात चुंबकाची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फारसा फरक नाही, त्यामुळे कोनमापक संगणकाच्या पडद्याला लावून तिनं स्वतःच खात्री करून घेतली. आकड्याच्या अलीकडे उभ्या पांढऱ्या रेघांची कंगव्यासारखी ओळ असते, त्या रेघाही उगाच नाहीत. पट्टी ४५ मीटर रुंद असेल तर रेघा बारा, ६० मीटर असेल तर सोळा. मग तिनं मुंबई उघडली आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या बघून तिचे आकडे तिनंच सांगितले, ०९/२७ आणि १४/३२.

मुंबई उघडलीच होती म्हणून तिला जुहू दाखवलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून तिथे उतरले, तोच जुहू. सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीपासून जुहूची छोटी पट्टी जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आणि दोन्हींची दिशा जवळपास एकच. १९५३ साली ब्रिटिशांचं कॉमेट जेट आणि १९७२ साली जपानचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. हे वाचून नीट समजत नाही. दोन्ही पट्ट्या एका चित्रात दिसल्या की वैमानिकाची गफलत कशी झाली असेल ते पोरांना क्षणात कळतं.

तसंच आपल्या दाबोळीचं. १९५५ साली पोर्तुगीजांनी इथून विमानसेवा सुरू केली. तेव्हा या तळाला पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव होतं आणि इथून दमण, दीव, कराचीला विमानं जायची. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. एप्रनवर उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र वाचली आणि रात्रीच्या अंधारात उरल्यासुरल्या पट्टीवरून कराचीकडे निसटली. मुक्तिदिन आला की शाळांत भाषणं होतात. वर्गात पडदा लावून ती पट्टी दाखवा, तिची लांबी मुलांना मोजायला सांगा, आणि मग विचारा, खड्डे पडलेल्या पट्टीवरून चार पंख्यांचं विमान उडवायला किती लांबी शिल्लक लागली असेल? इतिहासाचा तास कसा रंगतो ते बघा.

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. त्याच्या अंगणात उभं असलेलं सुपर कॉन्स्टलेशन उपग्रहचित्रात सहज सापडतं : लांबट अंग, चार इंजिनं आणि शेपटीला एकाऐवजी तीन सुकाणू. एअर इंडियानं १९५०च्या दशकात घेतलेल्या विमानांतलं हे, पुढे हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे गेलेलं. सकाळच्या चित्रात त्या तीन सुकाणूंच्या सावल्या जमिनीवर वेगवेगळ्या दिसतात. मुलांना आधी चित्रात शोधायला लावावं आणि मग तिथे घेऊन जाऊन खालून दाखवावं. नुसत्या बसभाड्यात होणारी ही सहल आहे.

पेडण्याबद्दलही लिहायला हवं. मोपा, वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे हा सगळा भाग मी नोकरीत असताना क्वचितच पाहिला. जुन्या चित्रांत तो सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट पठार, हिरवा-तपकिरी दिसतो, उतारावर काजूच्या बागा, मध्ये पायवाटांच्या रेषा. नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण परवाना स्थगित ठेवला आणि जानेवारी २०२० मध्ये काम पुन्हा मोकळं झालं. त्यानंतरच्या चित्रांत सडा लालभडक उघडा पडत जातो आणि शेवटी त्यावर डांबराची करडी पट्टी उमटते. विमानतळ हवा होता की नव्हता, यावर गोव्यात दोन तट आहेत आणि पुढेही राहतील. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही तटांनी वाद घालताना ही चित्रं तारखेसह समोर ठेवावीत. झाडं किती होती, उतारावरच्या झऱ्यांचं काय झालं, कुठली वाट कुठे तुटली, यातलं बरंच काही त्यात दिसतं. ज्यांची काजूची झाडं गेली त्यांना आपली बाग कुठे होती हे नातवंडांना दाखवायलाही आता तेवढंच उरलं आहे. दाबोळीपासून मोपा सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आसपास. मोपापासून पलीकडे सिंधुदुर्गातलं चिपी पन्नासच्या आत, तिथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी अडीच किलोमीटरच्या पट्टीवर विमानसेवा सुरू झाली. इतक्या जवळजवळ तीन विमानतळ उभे राहिले, त्यांचं जमायचं कसं, हा प्रश्न तिन्ही एका पडद्यावर पाहिले की जास्त नीट विचारता येतो.

गूगलचीच चित्रं बघावीत असं नाही. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह दर काही दिवसांनी गोव्यावरून जातात, प्रत्येक चित्राला तारीख असते आणि ती चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, त्यामुळे एअरबस तिथे तीन-चार ठिपक्यांचा पांढरा डाग दिसतो. जात ओळखता येत नाही, पण डाग आहे की नाही, किती आहेत, हे दिसतं. दाबोळीबद्दल खरोखर काही सिद्ध करायचं असेल तर अशी सलग काही महिन्यांची चित्रं लावा, वार लिहा, शनिवार-रविवार वेगळे काढा, मोपा सुरू होण्याआधीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. तरीही ती सकाळचीच चित्रं असतील, संध्याकाळची गर्दी त्यात येणार नाही, हे खाली लिहायला विसरू नका. याच सेंटिनेलच्या चित्रांत एक सुंदर गोष्ट दिसते. उडतं विमान एक न दिसता निळं, हिरवं आणि तांबडं अशा तीन वेगळ्या ठशांत दिसतं. उपग्रहाचा कॅमेरा हे रंग एकाच क्षणी टिपत नाही. निळा आणि तांबडा यांत सुमारे एका सेकंदाचा फरक पडतो. ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात २५० मीटर पुढे गेलेलं असतं. खालची जमीन हलत नाही, म्हणून तिचे रंग एकावर एक बसतात. समुद्रावरून मुंबईकडे निघालेलं असं एक तिरंगी विमान मला दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवलं.

काही जण म्हणतात, हे सगळं धोक्याचं आहे, नौदलाचा तळ आहे, मुलांच्या हातात कशाला द्यायचं? मी त्या तळाच्या आत नोकरी केलेला माणूस आहे. पास गळ्यात नसला तर फाटकातून पाऊल टाकता येत नाही, आणि कॅमेरा काढायचा नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. ती शिस्त योग्यच आहे आणि मी ती आजही पाळतो. नौदलाच्या बाजूला काय उभं आहे, यावर मी ना वहीत लिहीत ना कुणाला पाठवत, आणि मुलांनाही तेच सांगावं. पण प्रवासी एप्रन, धावपट्टीचे आकडे, संग्रहालयातलं विमान, मोपाचा सडा हे जगाला उघडं दिसतं. परक्या देशातला माणूस ते बघणार आणि आपल्याच मुलाला मात्र ते बघायची भीती घालायची, यात सुरक्षा कसली?

वरून बघणं म्हणजे कायम शत्रुत्वच असतं असंही नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९९१ साली शस्त्रं कमी करण्याचा करार झाला. त्यात अमेरिकेनं साडेतीनशेहून अधिक बी-५२ बॉम्बफेकी विमानं मोडीत काढली. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराजवळच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर भल्यामोठ्या पात्यानं त्यांचे पंख आणि शेपट्या तोडल्या आणि ते तुकडे तसेच वाळवंटात पडू दिले, रशियन उपग्रहांना वरून मोजता यावेत म्हणून. आजही तो तळ पडद्यावर उघडलात तर हजारो निवृत्त विमानं रांगांनी उभी दिसतात. कोरडी हवा आणि कडक जमीन, त्यामुळे तिथे गंज धरत नाही. आपल्या खाऱ्या वाऱ्यात विमान तसं उभं ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते रॅम्पवरच्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता आपल्याकडे मागणं. वर्तमानपत्रांत अलीकडे उपग्रहचित्रं वारंवार येतात : खाणींची, किनाऱ्यांच्या धुपीची, डोंगरकापणीची, विमानतळांची. खाली बहुधा ‘उपग्रह छायाचित्र’ एवढंच असतं. कृपा करून प्रत्येक चित्राखाली ते ज्या दिवशी काढलं ती तारीख आणि कुठून घेतलं ते छापा. उत्तर कुठे आहे त्याचा छोटा बाण द्या आणि शंभर मीटर किंवा एक किलोमीटर म्हणजे किती ते दाखवणारी रेघ द्या. तारीख मिळत नसेल तर चित्र छापू नका. दोन चित्रं शेजारी लावून ‘आधी आणि नंतर’ दाखवायचं असेल तर दोन्ही एकाच ऋतूतली घ्या, कारण गोव्याचा सडा ऑक्टोबरात हिरवा आणि मार्चमध्ये करपलेला दिसणारच, त्याला कुणी झाडं तोडावी लागत नाहीत. आपण सुरुवात केलीत तर मोबाइलवरची चित्रं बघतानाही वाचक आपोआप विचारायला लागतील, तारीख कुठे आहे?

शाळांच्या मुख्याध्यापकांनाही सांगणं आहे. आठवी-नववीच्या भूगोलात नकाशावाचन आहेच. त्यातले दोन तास यासाठी काढा. संगणक आहे, इंटरनेट आहे, पैसे लागत नाहीत. मुरगाव तालुक्यातली कुठलीही शाळा बोलावील तर मी स्वतः येईन, माझी वही घेऊन. मोजपट्टी कशी लावायची, सावली कशी वाचायची, जुनी चित्रं कशी काढायची हे मी दाखवीन. मानधन नको. पडदा आणि चालू संगणक असला की झालं. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे देऊन ठेवला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विमानतळ कर्मचारी
चिखली, मुरगाव